टॅटू आणि नोकरी: कुठल्या भरतीत नेमकं कुठं अडतं?

अभ्यासिका_परभणी

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासिकेत एसएससी जीडी (केंद्रीय दलांची शिपाई भरती), अग्निवीर, बँक, कंपनी अशी सगळी मिसळ बसते. दर चार दिवसांना कुणीतरी बाही वर करून विचारायलंय, "सर, हे चालतं का?" यूट्यूबवर एक सांगतो चालतं, दुसरा सांगतो फॉर्मच भरू नका. म्हणून सध्याची चार प्रकरणं इथं नावं न घेता टाकतो.

१. मुलगा, जीडीची तयारी. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर 'आई' हे अक्षर. माळेगावच्या जत्रेत गोंदलेलं, काळी शाई, मोजलं तर ६ बाय ४ सेंमी.

२. मुलगा, अग्निवीर. डाव्या दंडावर वाघाचं तोंड, हिरवा-लाल रंग भरलेला. हाफ बाहीत झाकतं म्हणून गडी निवांत आहे.

३. मुलगी, बीएस्सी. मानेवर कानाच्या खाली दोन बोटांएवढं पाखरू. बँकेची परीक्षा द्यायची, शिवाय हॉटेल आणि केबिन क्रूचंही डोक्यात आहे.

४. मुलगा, मेकॅनिकल डिप्लोमा. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भरलेला. वाळूज-शेंद्र्याकडं, म्हणजे संभाजीनगरच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांत अर्ज टाकतोय.

काय चालतं, काय काढावं लागेल, काढायला किती वेळ लागतो, आणि मुलाखतीला झाकून जावं की नाही? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

मैदान_पहाटे_पाच

सर, आधी क्रमांक २ च्या पोराला जागं करा. चौघांत सगळ्यात जास्त अडचणीत तोच आहे आणि त्यालाच ते माहीत नाही.

पोरांची समजूत अशी की कपड्यात झाकलं म्हणजे चाललं. कंपनीच्या मुलाखतीत ते खरं. फौजेच्या मेडिकलला मात्र चड्डीवर उभं करतात, तिथं झाकलेलं काही राहत नाही. टॅटू कपड्यातून दिसतो का, हे ते बघतच नाहीत. तो शरीराच्या कुठल्या भागावर आहे, हे बघतात.

सैन्याचा नियम: कायमचा टॅटू फक्त दोन जागी चालतो. एक, कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत हाताचा आतला भाग. दोन, तळहाताची उलटी बाजू, म्हणजे पंजाची पाठ. दंड, खांदा, छाती, पाठ, मान, पोटरी यांवर कुठंही असेल तर उमेदवार पुढच्या निवडीतून बाद. वायुदल आणि नौदलाचंही जवळपास असंच आहे. म्हणजे वाघ दंडावर आहे तोवर तिन्ही दलांचं दार बंद. तोच वाघ हाताच्या आतल्या बाजूला असता तर जागेवरून अडला नसता.

आता क्रमांक १. जीडीमधून जाणारी दलं म्हणजे बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, आसाम रायफल्स. यांची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं गृह मंत्रालयाची, २०१५ ची. त्यात टॅटूचे तीन निकष आहेत. मजकूर: धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव चालतं. जागा: हाताचा आतला भाग, पण फक्त डावा हात, कारण उजव्या हातानं सॅल्यूट मारतात, किंवा पंजाची पाठ. आकार: त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी.

'आई' मजकुरात बसतं, आकारातही बसतं. हाताचा आतला भाग साधारण २४ बाय ८ सेंमी धरला तर १९२ चौरस सेंमी, त्याचा पाव भाग ४८. याचं भरतंय २४. अडतंय ते फक्त उजव्या हातामुळं. हेच अक्षर डाव्या हातावर असतं तर चर्चाच झाली नसती.

आता गंमत बघा. सैन्याच्या नियमात डावा-उजवा असा भेद नाही. म्हणजे हाच पोरगा, याच हातासह अग्निवीरच्या मेडिकलला टॅटूवरून अडत नाही. वयात बसत असेल तर त्याला अग्निवीरचा फॉर्मही भरायला लावा. परभणी, नांदेड, हिंगोली, जालना हे जिल्हे संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाकडं येतात. लातूर, बीड, धाराशिव पुण्याकडं.

आणखी दोन बारीक गोष्टी. फॉर्ममध्ये 'ओळखीची खूण' विचारतात तिथं काढून टाकायचा टॅटू लिहू नका, तीळ किंवा जुना व्रण लिहा. नाहीतर कागदावर 'उजव्या हातावर गोंदण' आणि हातावर काहीच नाही, असा घोळ होतो. दुसरं, केंद्राचं हे कलम उचलून राज्य पोलीस भरतीला चिकटवू नका. ते नियमपुस्तक वेगळं आहे, ज्या घटकात फॉर्म भरलाय त्याची जाहिरात वाचा.

---

वाळूज_एचआर_टेबल

क्रमांक ४ आणि ३ वर लिहितो.

डिप्लोमावाल्या पोराला सांगा, शॉपफ्लोरसाठी भरलेला हात ही मोठी गोष्ट राहिलेली नाही. ट्रेनी घेताना ट्रेड, टक्के, ड्रॉइंग वाचता येतं का, व्हर्निअर धरता येतो का, शिफ्टला तयार आहे का, राहायला कुठं, हे विचारतात. मेडिकलला नजर, रंगांधळेपणा, रक्तदाब, छातीचा एक्सरे. लेथ आणि ड्रिलजवळ तर सैल लांब बाही सुरक्षेसाठीच चालत नाही, त्यामुळं हात उघडाच राहणार आणि सगळ्यांना दिसणारच. लाईनवर निम्म्या लोकांच्या हातावर काही ना काही असतं.

पण काय काढलंय यानं फरक पडतो, आणि हे कुणी तोंडावर सांगत नाही. आई-बाबा, ॐ, त्रिशूळ, राजमुद्रा, जय भीम, पोरीचं नाव, यांच्याकडं आमच्या भागात कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. कोयता, पिस्तूल, कवटी, शिवी किंवा 'भाई' छापाचं काही असेल तर ऑपरेटर म्हणून घेतील, पण सुपरवायझर किंवा ग्राहकासमोर जाणाऱ्या क्वालिटीच्या जागेसाठी नाव मागं सरकतं. माणूस वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. "याला कस्टमर ऑडिटला उभं करता येईल का?" एवढा एकच प्रश्न पॅनेलमध्ये कुणीतरी विचारतो आणि विषय संपतो.

औषध आणि खाद्यपदार्थाच्या कंपन्यांत वेगळीच भानगड आहे. जुन्या, भरलेल्या टॅटूला तिथं अडचण नाही. ताजा टॅटू म्हणजे त्यांच्या लेखी उघडी जखम. औषधनिर्मितीच्या शेड्यूल एम मध्ये आणि अन्नसुरक्षेच्या शेड्यूल ४ मध्ये, दोन्हीकडं उघड्या जखमेच्या माणसाला माल हाताळू द्यायचा नाही असा दंडक आहे. खपली पडून वरची कातडी भरायला दोन ते चार आठवडे लागतात. जॉइनिंगच्या आठ दिवस आधी हौस फेडली की पहिल्याच दिवशी गाऊनिंगच्या (आत जायचे स्वच्छ कपडे चढवायच्या खोलीच्या) दारात अडवतात, आणि एचआरच्या डोक्यात नाव कायमचं बसतं.

आता मानेवरचं पाखरू. खासगी नोकरीत मान, चेहरा आणि पंजाची पाठ या तीन जागा सगळ्यात महाग पडतात, कारण शर्ट तिथं पोचत नाही. पंजाची पाठ सैन्यात चालते आणि हॉटेलच्या रिसेप्शनला चालत नाही, असा उलटा हिशेब आहे. केबिन क्रूच्या जाहिरातीत साफ लिहिलेलं असतं, गणवेशात दिसेल असा टॅटू नको. तिथं मेकअपनं झाकूनही उपयोग नाही, जवळून तपासतात. हॉटेलमध्ये किचन, बेकरी, हाउसकीपिंग ढिलं असतं. फ्रंट ऑफिस कडक. औषध कंपनीचा एमआर, बँकेचा सेल्स, शोरूम, इथं समोर बसलेल्या मॅनेजरच्या मनावर आहे. सरकारी बँकेच्या लिपिक-पीओ भरतीत हा मुद्दाच येत नाही, तिला निवांत आयबीपीएसचा अभ्यास करू द्या.

झाकायचं म्हटलं तर शर्टाचा रंग बघा. पांढरा पातळ सुती शर्ट ट्यूबलाइटखाली आतला काळा हात स्पष्ट दाखवतो. घट्ट विणीचा आकाशी किंवा राखाडी घ्या, बाही मनगटाच्या हाडापर्यंत. घरी खुर्चीवर बसून हात टेबलावर पुढं करून बघा, कारण बसल्यावर बाही दोन-तीन इंच मागं जाते आणि नेमका तेवढाच तुकडा दिसतो. क्रेप बँडेज बांधून येऊ नका. "काय लागलं?" हा पहिला प्रश्न येतो आणि पहिलंच उत्तर खोटं जातं.

मानेवर कन्सीलर लावायचा तर नुसता कातडीच्या रंगाचा लावला की खालची शाई राखाडी दिसते. आधी केशरी-पीच रंगाचा करेक्टर पातळ थापून बसवा, तो काळ्या-निळ्याला मारतो. मग कन्सीलर, दोन-तीन मिनिटं वाळू द्या, वर पावडर दाबून बसवा. घासू नका. एप्रिल-मेच्या उन्हात बसस्टँडवरून रिक्षानं येईपर्यंत घामानं अर्धा कॉलरला लागलेला असतो, म्हणून तिथं पोचल्यावर लावा. पण हा उपाय फक्त पहिल्या फेरीपुरता. नोकरी लागल्यावर रोज आठ तास हे जमत नाही, म्हणून नियुक्तिपत्रावर सही करायच्या आधी "तुमच्याकडं दिसणाऱ्या टॅटूबद्दल काही नियम आहे का?" एवढं सरळ विचारून घ्यावं.

---

लेसर_ओपीडी_लातूर

काढण्याबद्दल.

शाई कातडीच्या दुसऱ्या थरात असते. लेसरचा झटका नॅनोसेकंदाचा असतो, त्यानं शाईचे कण फुटतात आणि शरीरातल्या पेशी ते तुकडे हळूहळू उचलून नेतात. हे उचलायचं काम शरीर करतं, मशीन नाही. म्हणून एका सेशननंतर दुसऱ्याच्या आधी सहा ते आठ आठवडे सोडावेच लागतात. दर पंधरा दिवसांना या म्हणणारा दवाखाना तुमची कातडी भाजतोय आणि पैसेही घेतोय.

काळ्या शाईसाठी क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचा लेसर, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. आपल्या सावळ्या कातडीला हीच तरंगलांबी सुरक्षित, कारण कातडीचा स्वतःचा रंग ती कमी शोषतो. लाल रंगाला ५३२ लागते, तिच्यात पांढरे डाग पडायचा धोका जास्त. हिरव्याला ७५५ किंवा ६९४ वालं वेगळं मशीन लागतं आणि ते सगळीकडं नसतं. वाघवाल्याचा हिरवा-लाल म्हणजे सगळ्यात अवघड जोडी. आठ-दहा सेशन धरा, आणि तरी फिकट सावली राहू शकते.

जत्रेतलं गोंदण त्या मानानं लवकर जातं, कारण शाई कमी आणि एकाच रंगाची असते. 'आई' साधारण तीन ते सहा सेशनमध्ये बरंच उतरावं. फक्त मनगट-पंजाकडं रक्त आणि लसीकेचा प्रवाह दंडापेक्षा मंद, म्हणून तिथं वेळ थोडा जास्त. जत्रेत एकाच सुईनं दिवसभर सगळ्यांना टोचतात, तेव्हा हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी. (टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही पोरांना सांगा. कॉलेजच्या शिबिरात लपवून देतात.)

मैदानावर पळणाऱ्या पोरांचं नेमकं बिघडतं ते उन्हामुळं. रापलेल्या हातावर लेसर मारला की कातडीचाच रंग तो झटका ओढून घेतो, मोठे फोड येतात आणि नंतर पांढरा चट्टा. मग काळ्या 'आई'च्या जागी पांढरी 'आई', तीही वाचता येते! सेशनआधी चार आठवडे आणि नंतरही तो हात झाकलेला पाहिजे, एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन पाहिजे. मुरुमासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेवर गाठी धरायची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

सेशनच्या दिवशी: बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिक, पाऊण ते एक तास. डोळ्यांवर चष्मा. झटक्याला जागा पांढरी पडते, दहा-वीस मिनिटांत जाते. फोड आला तर फोडायचा नाही. मलम, पट्टी, आठवडाभर खपली, ओढायची नाही.

आता काय करू नये. चुना, अॅसिड, बिब्बा, तापलेली सळई, हे आजही चालू आहे. बिब्ब्यानं शाई जात नाही, वरची कातडी जळते आणि जाड वळ उठतो. मेडिकलला टॅटूऐवजी व्रण दिसतो, आणि तो मनगटाच्या सांध्यावर ओढून धरत असेल तर ते अपात्रतेचं वेगळंच कारण. दुसरं, पार्लरमधलं केस काढायचं मशीन टॅटूवर मारून घेऊ नका. त्याचा झटका मिलिसेकंदाचा, शाई फुटत नाही, नुसती उष्णता साठते. तिसरं, कातडीच्या रंगाची शाई वरून भरून टॅटू झाकणं. त्या शाईतल्या टायटॅनियम किंवा लोहाच्या ऑक्साइडवर नंतर लेसर मारला की ती काळी पडते. आधी होतं त्याहून अवघड काम होऊन बसतं.

दर विचारताना 'एका सेशनचा की चौरस इंचाचा' हे आधी ठरवा आणि एकूण सेशनचा अंदाज लिहून घ्या. 'एका बैठकीत गायब'वाल्या पाटीकडं वळू नका. आधी जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत दाखवून या, निदान काय निघेल आणि काय राहील ते तरी खरं कळतं.

---

खंडपीठ_कट्टा

वाळूजवाल्या साहेबांनी जे सांगितलं ते वस्तुस्थिती म्हणून ठीक, पण कायद्याची बाजू राहिली.

खासगी मालकानं टॅटूवरून नाकारलं तर त्याविरुद्ध दाद मागायला आपल्याकडं थेट कायदा नाही. घटनेची कलमं १४ आणि १६ सरकारी नोकरीला लागतात. त्यामुळं कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त एक बोलायलाच हवं: टॅटूचं नाव पुढं करून माणसाची जात किंवा धर्म बघितला जात असेल, तर ती टॅटूबद्दलची नापसंती नव्हे. "कस्टमर ऑडिट"च्या आड हे सहज लपतं आणि उमेदवाराच्या हातात पुरावा काहीच राहत नाही.

केंद्रीय दलात मात्र मार्ग आहे. पहिल्या तपासणीत अपात्र केलं तर फेरतपासणी मागता येते; तिची मुदत फार थोडी असते, म्हणून तिथल्या तिथं लेखी द्या. अपात्रतेच्या कागदावर नेमकं कारण काय लिहिलंय ते वाचून घ्या, 'टॅटू' की 'व्रण'. मुंबई उच्च न्यायालयात सीआयएसएफच्या एका उमेदवाराचं असंच प्रकरण गेलं होतं. उजव्या हातावर धार्मिक चिन्ह, लेसरनं बहुतांश पुसलेलं, तरी अपात्र. निकाल उमेदवाराच्या बाजूनं लागला. आपल्याकडच्या पोरांना संभाजीनगरचं खंडपीठ जवळ आहे. पण याचिका म्हणजे वेळ आणि खर्च, आणि तोवर बॅच ट्रेनिंगला निघून गेलेली असते. कोर्ट हा शेवटचा उपाय धरा.

---

वाळूज_एचआर_टेबल

मुद्दा मान्य. तसं होतं. चालणाऱ्या टॅटूंच्या माझ्या यादीतली नावं मी मुद्दाम सगळ्या बाजूंची घेतली होती, पण पॅनेलवरचा प्रत्येक जण तसाच बघतो असा दावा नाही.

---

किनवटकर

एक राहिलं. किनवट-माहूरकडच्या गोंड, कोलाम, आंध पोरा-पोरींच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर परंपरेचं गोंदण असतं. त्यांना घाबरवून लेसरकडं पाठवू नका. सैन्याच्या नियमात आदिवासी उमेदवारांना जमातीच्या रूढीप्रमाणं असलेल्या गोंदणाची सवलत आहे, चेहऱ्यावर असलं तरी. जमातीचा दाखला आणि अधिसूचनेत दिलेला नमुना भरून मेडिकलला सोबतच न्यायचा. ऐनवेळी तहसीलला पळापळ करून दाखला मिळत नाही. सवलत गोंदणाला आहे, हेही पोरांना समजवा. त्याच हातावर शहरात जाऊन ड्रॅगन काढला तर तो रूढीत बसत नाही.

---

अभ्यासिका_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः दंडाचं. आज संध्याकाळी वाघवाल्याला बसवतो. कळलं ते असं की दुसऱ्या दंडावर सिंह काढायचा बेत चाललाय, परवाची वेळ घेतलीय.

'आई'वाल्या पोराचं मेडिकल साधारण पाच महिन्यांवर धरा. आता सुरू केलं तर हाती काही लागेल का? आणि त्याचं पळणं बंद करू का?

---

लेसर_ओपीडी_लातूर

पाच महिने म्हणजे वीस-एकवीस आठवडे. पहिले चार आठवडे कातडीचा राप उतरवण्यात जातील, ते टाळू नका. मग चौथ्या, दहाव्या आणि सोळाव्या आठवड्याला सेशन. शेवटचे चार-पाच आठवडे कातडी भरायला मोकळे. म्हणजे तीन सेशन पदरात पडतात. अक्षर पूर्ण जाईलच असं नाही, पण लांबून वाचता येणार नाही इतपत फिकट व्हायची शक्यता चांगली आहे. पहिल्या सेशनला टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन-तीन ठिपक्यांवर चाचणी घ्यायला सांगा. चट्टा पडणारच असेल तर तो तिथंच कळतो.

प्रत्येक सेशनआधी स्केल ठेवून, तारीख दिसेल असा फोटो काढा. बिलं आणि डॉक्टरांचं पत्र एका फाइलीत ठेवा. फेरतपासणी मागायची वेळ आली तर तीच फाइल लागते.

पळणं बंद करू नका. पूर्ण बाहीचा टीशर्ट घालू द्या आणि सूर्य वर यायच्या आत मैदान उरकू द्या. सेशननंतरचे सात दिवस मात्र दोर, पुलअप्स आणि गोळाफेक नको, घामानं पट्टी भिजते आणि खपली निघते.

---

मैदान_पहाटे_पाच

आणि सर, सिंहाची वेळ आधी रद्द करायला लावा. वाघाचं काय करायचं ते नंतर बघू.